तीन कुऱ्हाडी आणि एक 'यू'

तो दारात उभा होता आणि त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

अनुपमानं मान वर केली ती पात्यावरून डोळ्यांवर आलेल्या उन्हाच्या तिरिपीमुळे. आधी पातं दिसलं, मग दांडा, दांड्याभोवतीची तेलकट बोटं, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. चेहरा अगदी शांत. इतका शांत, की ओरडावं की बसायला खुर्ची द्यावी हेच तिला कळेना.

"मॅडम," तो म्हणाला, "एक मिळाली. कंपनीच्या बागेतल्या म्हाळूकाकांकडून मागून आणली. बाकीच्या दोन कुठून आणू?"

"कसल्या दोन?"

"कुऱ्हाडी. तीन तपासल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

त्यानं दुसऱ्या हातातले कागद तिच्या टेबलावर ठेवले. आठ कागद होते, कोपऱ्यांना चिकटपट्टी तशीच. तिनंच भाषांतर केलेले, तिनंच छापलेले आणि काल संध्याकाळी मोठ्या हौसेनं आठही मशीनवर लावायला दिलेले. चौथ्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'मशीन सुरू करण्यापूर्वी तिन्ही कुऱ्हाडी तपासून घ्याव्यात.'

अनुपमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"इंग्रजीत तर… ॲक्सेस लिहिलंय," ती पुटपुटली. "ॲक्स म्हणजे कुऱ्हाड. अनेकवचन ॲक्सेस. मला वाटलं, आगीच्या लाल बादल्यांशेजारी टांगलेली असते ना, तसलं काहीतरी…"

"आमचा तो ॲक्सिस असतो, मॅडम. एक्स, वाय, झेड. टूल कुठल्या दिशेला पळणार, ती दिशा." त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि रिकाम्या हातानं हवेत एक आडवी रेघ ओढली, एक समोर, एक वरून खाली. "तीन ॲक्सिस. अनेकवचन वगैरे मला माहीत नाही."

तिला होतं माहीत. तेच तर दुखलं. शिरूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बीए केलं होतं तिनं. क्रायसिस-क्रायसीज, ओएसिस-ओएसीज, सगळं पाठ. ॲक्सिसचं ॲक्सीज होतं आणि ते कागदावर हुबेहूब कुऱ्हाडींसारखं दिसतं, हे तेव्हा कुठं तरी वाचलंही होतं. पण कवठे येमाईच्या मळ्यात वाढलेल्या मुलीला कुऱ्हाड आधी आठवते… त्याला ती तरी काय करणार?

"साहेबांनी पाहिलं?" तिनं घाबरून विचारलं. ऑफिसातल्या नोकरीला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि तीन महिने पुरे होईपर्यंत 'उद्यापासून येऊ नका' असं कुणीही म्हणू शकत होतं.

"साहेबांच्या राऊंडला अजून वीस मिनिटं आहेत. म्हणून तर काढून आणले." तो दाराकडे वळला आणि थांबला. "फक्त हौसराव मामांनी वाचलं. ते सकाळपासून विचारत फिरतायत, कुऱ्हाड घरून आणायची का कंपनी देणार."

आणि तो हसला. त्याच्या उजव्या गालावर, जिथं खळी पडायला हवी होती, तिथं तेलाचा एक ठिपका होता.

तो गेला. कुऱ्हाड मात्र भिंतीला टेकून तशीच राहिली, दिवसभर.

*

त्याचं नाव जालिंदर. वरवंडचा. घरी शेवंती आणि झेंडूचे मळे, पण हा आयटीआय करून कारेगावात खोली घेऊन राहिलेला. सव्वीस वर्षांच्या मुलाचं नाव जालिंदर कसं, असं कुणी विचारलं की तो म्हणे, "पणजोबा वारले त्याच महिन्यात जन्मलो. नाव रिकामंच होतं."

हे तिला हौसराव मामांकडून कळलं. हौसराव म्हणजे मशीन शॉपवरचे सगळ्यात जुने हेल्पर, न्हावऱ्याचे, तोंडात तंबाखू आणि तंबाखूहून तिखट जीभ. दुसऱ्या दिवशी नवे कागद घेऊन ती शॉपच्या दारापर्यंत गेली, तर हे आतल्या बाजूला वळून ओरडले, "आरं जालिंदर, एक लेडीज आलीया तुझ्याकडं!"

"मामा, एक असली की लेडी," तिच्यातली बीए गप्प बसेना. "लेडीज म्हणजे पुष्कळ."

हौसरावांनी तिला नीट निरखून पाहिलं. "त्या कुऱ्हाडीच्या तुमीच न्हवं? मग बरोबर हाय माझं. एकच हाय, पर पुष्कळ हाय."

मशीनआडून कुणीतरी हसलं. तिला बघायचं नव्हतं, तरी तिनं पाहिलं. तो हात पुसत येत होता, आणि तिची नजर सवयीनं त्याच्या हातांवर गेली.

सवय लहानपणची. धाकट्या चुलत्यांची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली, तेव्हा ती सात वर्षांची होती. तेव्हापासून यंत्राजवळच्या कुठल्याही माणसाचे हात दिसले की ती मनात मोजून टाकायची. कुणाला कळायचं नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग दुसरा हात.

दहा. आहेत.

"मॅडम, एक काम होतं," जालिंदर म्हणाला. "कोइम्बतूरच्या कंपनीकडून नवीन मशीन येतंय, पाच ॲक्सिसचं. शिकायला एक माणूस पाठवणार आहेत, एक वर्षासाठी. माझं आणि शेजारच्या मशीनवरच्या सार्थकचं नाव आहे. पण तिकडं मराठी चालत नाही, हिंदी पण नाही. आधी फोनवर इंग्रजीत मुलाखत घेणार. तीन आठवडे आहेत…"

"आणि?"

"कुऱ्हाडीचे उपकार आहेत माझ्यावर… नाही, म्हणजे माझे तुमच्यावर…" तो गडबडला. "शिकवाल?"

*

दहाच्या चहाला दहा मिनिटं मिळायची. कँटीनबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली सिमेंटचं बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला ती बसायची, दुसऱ्या टोकाला तो, आणि मधे चहाचे दोन ग्लास. जानेवारीचं कोवळं ऊन पानांतून गळत गळत ग्लासांवर यायचं. कुठून तरी उसाच्या गाड्यांचा गोड, ओलसर वास यायचा… आणि तो जुन्या जॉब कार्डांच्या पाठीमागं, तिरक्या अक्षरांत, शब्द उतरवून घ्यायचा.

"मॅन?"

"मेन."

"फूट?"

"फीट."

"मग बूट? बीट?"

"बूट्स."

"का?"

"कारण… नाही म्हणून नाही."

"असं आमच्याकडं चालत नसतं, मॅडम. साध्या लोखंडाच्या गजालाही कारण लागतं. इंग्रजांना लागत नाही?"

"मराठीत सगळं कारणानं चालतं वाटतं?" ती इरेला पेटली. "सांगा. ऊ?"

"काय?"

"डोक्यातली ऊ. अनेकवचन?"

"उवा."

"जाऊ?"

"जावा."

"सासू?"

"सासवा." तो थांबला, आणि मग इतका मोठ्यानं हसला की लिंबावरची साळुंकी उडाली. "ऊ, जाऊ आणि सासू एकाच नियमात! हे ज्यानं ठरवलं ना मॅडम, त्याचं लग्न झालेलं असणार."

तीही हसली. हसताना चहा हिंदकळला आणि बाकड्यावर एक छोटा ओघळ निघाला. त्याच्या टोकाकडून तिच्या टोकाकडे… दोघंही त्या ओघळाकडे बघत राहिले.

मग भोंगा झाला.

असे दिवस गेले. तो फार हुशार होता असं नाही, पण एखादा शब्द त्याच्या मनात अडकला की तो त्याला सोडायचा नाही. टूथचं टीथ, गूसचं गीस त्यानं निमूट गिळलं, पण कॉम्प्युटरच्या माऊसपाशी अडला.

"उंदराचं माइस. पण ऑफिसात दहा माऊस मागवले तर?"

"माइस म्हणा. किंवा माऊसेस म्हणा. आता डिक्शनरी रागावत नाही. कॅक्टसचं पूर्वी कॅक्टाय व्हायचं, आता कॅक्टसेसही चालतं. फॉर्म्युलाचं फॉर्म्युलाज चालतं."

"म्हणजे चुकीचा शब्द बरोबर होतो?"

"पुष्कळ लोक पुष्कळ दिवस चुकत राहिले की होतो."

"मग दोघांनी…" तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य चहाबरोबर पिऊन टाकलं.

एकदा ती म्हणाली, "डेटा खरं तर अनेकवचन. एकवचन डेटम. पण तो शब्द आता कुणी वापरत नाही. मेल्यातच जमा."

"मेला?" त्याला धक्काच बसला. "अहो, मी रोज सकाळी डेटम घेतो!"

"घेता म्हणजे?"

"जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावला की आधी एक जागा ठरवायची. कोपरा म्हणा, भोक म्हणा. तो डेटम. मग सगळी मापं तिथूनच. तो चुकला की बाकीचं कितीही बरोबर करा, सगळं भंगारात." त्यानं बाकड्याच्या मधोमध, दोन ग्लासांच्या बरोबर मधे, बोट टेकवलं. "समजा, हा डेटम. इथून तुम्ही किती लांब, मी किती लांब… मोजता येतं."

मोजलं कुणीच नाही. पण दुसऱ्या दिवशी ते दोन ग्लास जरा जवळ ठेवलेले होते, आणि कुणी ठेवले ते दोघांनीही विचारलं नाही.

सगळ्यात अवघड निघाला 'शीप'. एक मेंढी, तरी शीप. रस्त्यावरून शंभर चालल्या, तरी शीप.

"बदलतच नाही? मग ऐकणाऱ्याला कळणार कसं, एक की अनेक?"

"मागच्यापुढच्या शब्दांवरून. नाही तर नाही कळत. 'यू'चं पण तसंच आहे. एकाला यू, दहा जणांना यू. तू पण यू आणि तुम्ही पण यू."

"बिचारे," तो म्हणाला. थोडा वेळ ग्लास हातात फिरवत बसला. "आमच्या घरात आबांना तुम्ही. आबा आले, आबा जेवले. एकटेच असतात, तरी अनेकवचन. आणि आईला तू. आई आली, आई जेवली. मान तर दोघांनाही आहे. मग असं का?"

हे तिला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. "तुम्हीच सांगा."

"सांगेन," तो म्हणाला. "सापडलं की."

आणि भोंगा व्हायच्या आत त्यानं अचानक दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले, बोटं पसरून.

"हे काय?"

"रोज मोजता ना? चोरून कशाला… घ्या मोजून."

तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मान खाली घालून ती म्हणाली, "फिंगर, फिंगर्स. याला एस लागतो. नियमानं." आणि तरीही मोजली. दहा.

*

मुलाखतीला दोन दिवस उरले आणि तिच्या मनात पहिल्यांदा ते आलं.

तो छान बोलायला लागला होता. सार्थक इंग्रजीला कंटाळून सुट्टीवर गेला होता. म्हणजे हा निवडला जाणार. म्हणजे हा जाणार. एक वर्ष. म्हणजे लिंबाखालचं बाकडं… तिच्यासमोर बसून तिच्याकडूनच शब्द घेऊन तो तिच्यापासून लांब जायची तयारी करत होता, आणि ती आनंदानं करवून घेत होती!

त्या दिवशी दहाच्या चहाला तो म्हणाला, "धिस मशीन हॅज फाइव्ह ॲक्सिसेस."

तिनं ऐकलं. ॲक्सीज हवं होतं. ज्या शब्दापासून सगळं सुरू झालं तोच शब्द, आणि मुलाखतीत हमखास येणारा.

ती गप्प राहिली.

भोंगा झाला, तो गेला, आणि अनुपमा टेबलाशी जाऊन बसली. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. समोरच्या कागदावरचं एक अक्षर वाचवेना. एवढासा शब्द. माऊसेस चालतं, कॅक्टसेस चालतं, तर हेही चालेल… चाललं नाही तर? नाही चाललं तर तो राहील. आणि मग रोज चहा पिताना त्याचा चेहरा बघायचा तो कसा? आई म्हणायची, आमच्या अनूला खोटं बोलून पाणीसुद्धा पचत नाही.

बारा वाजता ती उठली. डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा चढवला आणि त्याच्याशिवाय ओलांडायची नाही ती शॉपमधली पिवळी रेघ पहिल्यांदा ओलांडून थेट त्याच्या मशीनपाशी गेली.

मशीन चालू होतं. काचेपलीकडे टूल थंड ठेवणाऱ्या दुधाळ कूलंटच्या धारा कोसळत होत्या. बंद पेटीतला पाऊस… काचेवर थेंब आपटायचे, ओघळायचे, आणि आत कुठं तरी धुक्यात टूल एकटंच फिरत राहायचं. वर-खाली. झेड. तिच्या काळजाचंही तेच चाललं होतं.

"ॲक्सीज!" ती आवाजावर आवाज चढवून म्हणाली.

"काय?"

"ॲक्सिसेस नाही! ॲक्सीज! सकाळी चुकलात तुम्ही!"

त्यानं मशीन थांबवलं. एकदम शांत झालं. काचेवरचे शेवटचे थेंब तेवढे टपटपत राहिले.

"मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"विसरले."

"तुम्ही?" तो तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही विसरलात?"

तिनं मान वर केली नाही. पण तो काय समजायचं ते समजला असावा, कारण तो अगदी हळू म्हणाला, "मॅडम… मी एक वर्षानं परत येणार आहे."

"मला काय त्याचं!" असं म्हणून ती वळली, आणि रडू यायच्या आत पिवळी रेघ ओलांडून बाहेर पडली.

*

तो निवडला गेला.

"काय विचारलं?" तिनं बाकड्यावर बसता बसता विचारलं.

"पुष्कळ काही. आणि मॅडम, खरं सांगू? तो साहेब स्वतःच म्हणत होता, फाइव्ह ॲक्सिस, ऑल फाइव्ह ॲक्सिस. मी ॲक्सीज म्हणालो तर त्यालाच कळेना. दोनदा विचारलं त्यानं, व्हॉट, व्हॉट…"

ती आ वासून बघत राहिली, आणि मग दोघंही हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं किती पाणी हसण्याचं आणि किती कशाचं, ते मात्र दोघांनीही तपासलं नाही.

शुक्रवारी कँटीनमध्ये निरोप झाला. पेढे वाटले. साहेब म्हणाले, "जालिंदर, आता इंग्रजीत दोन शब्द होऊन जाऊ देत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो उभा राहिला. एकदा वर पंख्याकडे पाहिलं, एकदा पेढ्याकडे, आणि मग समोर… ती बसली होती त्या बाजूला. पण त्या बाजूला आणखी तीस माणसं बसली होती.

"थँक यू," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "आय विल मिस यू."

बस्स. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय म्हनला त्यो?" शेजारी बसलेल्या हौसरावांनी विचारलं.

"त्याला आपली आठवण येईल म्हणाला."

"आपली म्हंजी कुनाची?"

अनुपमानं पेढ्याचा कागद हातात चुरगळला. "सगळ्यांची, मामा."

"आसं व्हय," हौसराव तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले. आणि उठताना म्हणाले, "परवा आईतवारी दुपारची गाडी हाय त्याची, दौंडवरनं. मी चाललोय चटनीचा डबा द्यायला. मोटारसायकलवर एकटाच हाय. कुनाला यायचं आसंल तर शिरूर ष्ट्यांडावर धा वाजता… घरी सांगून या मातर."

*

शनिवारभर ते 'यू' तिच्या कानात घुमत राहिलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. कधी ते तीस जणांचं वाटे, कधी एकटीचं. मागच्यापुढच्या शब्दांवरून कळतं, असं तीच म्हणाली होती. पण मागं थँक यू, पुढं टाळ्या. कळावं कशावरून? तो वर्षभर जाणार आणि हा एक प्रश्न ती वर्षभर उशाला घेऊन झोपणार… नाही. विचारायचं. फार तर तो म्हणेल, सगळ्यांची. म्हणू दे.

रविवारी सकाळी तिनं आईला सांगितलं, "कंपनीतल्या एकाला गाडीवर सोडायला चाललेय. दौंडला. हौसराव मामा आहेत बरोबर."

आईनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "एकाला?"

"हं."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "गारठा हाय. कानाला बांध. आन् संध्याकाळी आल्यावर मला काय ते सांग. सगळं."

हौसरावांची मोटारसायकल न्हावऱ्यावरून निघाली, भीमेच्या पुलावरून गेली, चौफुल्याच्या अलीकडे गुऱ्हाळांच्या धुरातून गेली. गुळाचा दाट, कोमट वास ओढणीत शिरून बसला. वरवंड आलं तेव्हा रस्त्याकडेला शेवंतीचे पिवळे पट्टे दिसले, दूरवर, उन्हात तरंगल्यासारखे. "ह्यो त्याचा मळा," हौसराव ओरडून म्हणाले. तिनं मान वळवून वळवून पाहिला. एक फूल, दोन फुलं, हजार फुलं… आणि मोजायचं सोडून दिलं.

दौंडच्या फलाटावर तो सापडायला वेळ लागला नाही. आई-वडील बरोबर होते. कोंडिबा आबा पांढऱ्या टोपीत, हात मागं बांधून, गाडीच्या दिशेनं बघत. आई सोजराबाई पिशवीची गाठ पाचव्यांदा सोडून पुन्हा बांधत.

तो तिला बघून उभाच राहिला. नव्या शर्टाची घडी अजून मोडलेली नव्हती.

"ह्या कोन रं?" सोजराबाईंनी विचारलं.

"ह्या… ह्या अनुपमा मॅडम. ह्यांनी शिकवलं मला."

"नमस्कार वो, मॅडम. तुमचं लई उपकार झालं बघा." सोजराबाईंनी हात जोडले, आणि जोडलेल्या हातांवरून तिला केसांपासून चपलांपर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

गाडी आली. धक्काबुक्की, सामान, चटणीचा डबा, आबांच्या सूचना. सामान आत ठेवून तो पुन्हा दारात आला, खाली उतरला. हौसरावांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आबांना जरा पलीकडे नेऊन कांद्याचा भाव विचारायला सुरुवात केली.

"विचारायचं होतं एक," अनुपमा म्हणाली. "शुक्रवारी जे म्हणालात… ते 'यू'…"

"हं?"

"एकवचन होतं की अनेकवचन?"

मागं कुणीतरी चहा चहा ओरडत गेलं.

"तुम्हीच म्हणाला होतात, मॅडम. ते शीपसारखं असतं. बदलत नाही. कळत नाही."

"म्हणूनच विचारतेय."

शिट्टी झाली. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा रुळांकडे. कानाच्या पाळ्या लाल… या वेळी त्याच्या.

"एकवचन," तो म्हणाला.

तिच्या छातीत काहीतरी सुटलं आणि भिरभिरलं. तरी तिच्यातली बीए गप्प बसेना. "मग मराठीत सांगा."

"तुमची आठवण येईल."

"हे अनेकवचन झालं."

"तु…" तो म्हणाला. आणि आबा वळून बघतायत हे दिसताच उरलेलं अक्षर गिळून टाकलं.

गाडी हलली. तो धावत पायरीवर चढला आणि दारातच थांबला, एका हातानं दांडी धरून, बाहेर वाकून. पायरी आणि फलाट यांच्यामधली ती काळी फट सरकत होती. अनुपमाला दुसरं काही दिसेना, फक्त ती फट आणि त्याचा लोंबकळता हात. आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली—

"आत हो! दारात उभा राहू नकोस! पडशील ना!"

फलाटावरची चार माणसं वळली. सोजराबाईंनी पिशवी सोडून पदराची गाठ धरली.

जालिंदरचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "काय म्हणालात?"

"आत हो म्हणाले! बहिरा आहेस का?"

"सापडलं!" तो ओरडला. "आईला तू का म्हणतात ते सापडलं, अनू! तुझी येईल… एकट्या तुझी!" आणि शहाण्या मुलासारखा आत गेला.

ती डब्याबरोबर चालत राहिली. पुढच्या खिडकीत तो दिसला. त्यानं काही म्हटलं नाही. फक्त दोन्ही तळवे उघडून, बोटं पसरून खिडकीच्या गजांना टेकवले, आणि तसेच धरून ठेवले. गाडी वेग घेत होती. अंगठा, तर्जनी, मधलं… ओठ हलत होते तिचे. शेवटच्या करंगळीला पोचली तेव्हा डबा फलाटाच्या टोकाशी होता.

मागून चपलांचा आवाज आला. सोजराबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत दोघी तिकडेच बघत राहिल्या.

"काय मोजत हुतीस गं?"

अनुपमा दचकली. मघाशी मॅडम होती ती. तुमी होती.

"बोटं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्याची… त्यांची."

सोजराबाईंनी पिशवीतून शेवंतीचं एक फूल काढलं, तिचा खांदा धरून तिला पाठमोरी केली, आणि ओढणी बाजूला सारून वेणीत खोचलं.

"त्यो मशीनवर लागल्यापास्नं मी बी मोजते," त्या म्हणाल्या. "दर आईतवारी, जेवायला बसला की. आज घाईत ऱ्हाऊन गेलं बघ." आणि जरा थांबून, "दहा हायेत न्हवं?"

"दहा," अनुपमा म्हणाली.